पहिलीचा पहिला पंधरवडा: कोकणातल्या छोट्या शाळेत नेमकं काय घ्यावं

प्रश्न असा आहे: घाटावरून कोकणात नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षिकेकडे द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतली पहिली-दुसरी एकत्र आली आहे. पट नऊ, पहिलीत पाच आणि दुसरीत चार. जूनच्या मध्यावर शाळा उघडते ती भर पावसात. प्रवेशोत्सव झाल्यावर पुढचे पंधरा दिवस कोणते उपक्रम घ्यावेत आणि अक्षरं कधी सुरू करावीत?

पहिल्या पंधरवड्यात दहा-बारा उपक्रम करू नका. चारच घ्या, पण मार्चपर्यंत रोज चालतील असे घ्या: नावाची कार्डं, मोजायचं सामान, पावसाच्या पट्ट्या आणि गप्पांची पिशवी. (पावसाच्या पट्ट्या पाऊस संपला की थांबतील, पण तोवर मुलं त्यातून बरंच शिकलेली असतात.) एका दिवसात संपणारा, फोटो काढून भिंतीवर टांगायचा उपक्रम कोकणच्या जूनमध्ये आठवड्याभरात बुरशीला जातो आणि मुलांच्या हाती काही उरत नाही. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने होणारं काम मात्र सहा वर्षांचं मूल चौथ्या-पाचव्या दिवसापासून न सांगता करू लागतं, आणि तेवढा वेळ तुम्हाला दुसऱ्या वर्गासाठी मिळतो. एका खोलीत दोन वर्ग असताना हीच खरी कमाई आहे.

मुलं यायच्या आधी खोलीला दोन दिवस द्या. पाऊस चालू असताना आत उभं राहून कौलं किंवा पत्रे कुठे गळतात ते बघा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि बसायची जागा त्या खुणा टाळून ठरवा. कोबा असो की शहाबादी फरशी, पावसाळ्यात ओल धरतेच. बस्करांखाली ताडपत्री घाला, नाहीतर चार दिवसांत कुबट वास येऊ लागतो. छत्र्यांसाठी पडवीत खिळे नकोत, लाकडी खुंट्या हव्यात, आणि त्या जमिनीपासून साधारण ९० सेंटीमीटरवर, म्हणजे पहिलीच्या मुलाच्या डोळ्यांच्या खाली. दाराशी गोणपाट. खडू आणि कागदाचं सामान घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दमट खडू फळ्यावर उमटत नाही. रोज सकाळी कोपरे, बस्करांचा ढीग आणि स्वच्छतागृह आधी तुम्ही बघायचं. बिळांत पाणी शिरलं की साप-विंचू कोरडी जागा शोधत आत येतात. स्वच्छतागृहाची वाट शेवाळली असेल तर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या. आणि कपाटात तीन-चार कोरडे कपड्यांचे जोड ठेवा. मुलं भिजून येतात, आणि पहिल्या आठवड्यात एखादं मूल जागच्या जागी शू करतंच. तेव्हा काही न बोलता कपडे बदलता आले पाहिजेत.

पहिल्या दिवशी औक्षण, फूल, पुस्तकं आणि शिरा हे होऊ द्या, वाडीतल्या लोकांना त्याचं अप्रूप असतं. पाऊलठसे मात्र रंगाने घेऊ नका. दमट हवेत रंग तासन् तास वाळत नाही, आणि ओल्या पायांनी मुलं फरशीवर घसरतात. त्याऐवजी पुठ्ठ्यावर पाय ठेवून पेन्सिलने कडा आखा, कापा आणि मागे नाव-तारीख लिहा. या वयात पाऊल १७-१८ सेंटीमीटरच्या आसपास असतं. पुढे ‘पडवी किती पावलांची’ हे याच पुठ्ठ्यांनी मोजता येतं, आणि मार्चमध्ये पुन्हा आखलं की पाय किती वाढला ते मुलाला डोळ्यांनी दिसतं.

रडणाऱ्या मुलाला ‘आई बाहेरच बसलीय’ असं खोटं सांगू नका. ते एकदा कळलं की पुढचे आठ दिवस ते मूल दाराकडेच बघत राहतं. आई किंवा आजी कधी येणार ते घड्याळात न सांगता प्रसंगात सांगा: ‘खिचडी खाऊन झाली, हात धुतले की आजी येईल’. मग तेवढ्या वेळेला आजी खरोखर आली पाहिजे, हे घरी आधी पक्कं करून घ्या. दोन-तीन दिवस लवकर सोडलेलं चालतं.

आता नावाची कार्डं. कोकणात लग्नं मे महिन्यात उरकतात, त्यामुळे जूनमध्ये घरोघर जाड लग्नपत्रिका पडून असतात; कोरी बाजू वर घेऊन २० बाय ७ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापा. प्रत्येक मुलाची दोन कार्डं आणि पाच-सहा कोरी जास्तीची. अक्षराची उंची किमान ३ सेंटीमीटर, शाई न पुसणाऱ्या मार्करची. स्केचपेन वापरलंत तर ओल्या हातांनी पहिल्याच दिवशी फरकटतं. वर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, पण कागद पूर्ण कोरडा असताना. दमट कागदावर लावलेल्या पट्टीखाली काळे ठिपके धरतात. नाव हजेरीपटावरचंच लिहा आणि शुद्ध लिहा. ‘प्रज्ञा’ किंवा ‘आर्यन’ अवघड आहे म्हणून सोपं करू नका. मूल हे नाव अक्षरं जुळवून वाचत नाही, चेहरा ओळखावा तसं अख्खं ओळखतं. एक अडचण मात्र हमखास येते: घरी सगळे ‘बाबू’ किंवा ‘बाय’ म्हणत असल्यामुळे काही मुलांना हजेरीतलं नाव आपलं आहे हेच माहीत नसतं. अशा मुलाला आठवडाभर दोन्ही नावांनी हाक मारा.

कार्डाच्या डाव्या कडेला एक चित्र. ते मुलाने निवडायचं: कुर्ली (खेकडा), माड, होडी, छत्री, बांगडा, कोंबडा. दोन मुलांना तेच चित्र द्यायचं नाही.

रोजचा क्रम असा. मूल आत येतं, छत्री अडकवतं, ताडपत्रीवर पसरलेल्या कार्डांतून आपलं कार्ड शोधतं आणि खिडकीजवळच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने लावतं. दोरी मुलाच्या हाताला पोचेल अशी. चिमटा दाबण्यानेच बोटांत बळ येतं, पुढे पेन्सिल धरायला तेच लागतं. पहिले तीन दिवस चित्र दिसू द्या. चौथ्या दिवसापासून चित्राची कड मागे दुमडा. अडलं तर मुलाने उलगडून बघायचं आणि पुन्हा दुमडायचं. नवव्या-दहाव्या दिवशी चित्र कापून टाका. सगळे आले की खाली उरलेल्या कार्डांवरून कोण आलं नाही ते मुलंच सांगतात. ‘आपण नऊ, दोरीवर सात, मग घरी किती?’ हा प्रश्न रोज विचारायचा आणि उत्तर खाली उरलेली कार्डं मोजून तपासायचं. वजाबाकी हा शब्द काढायचीसुद्धा गरज नाही.

हे बिघडतं कुठे? घाईच्या दिवशी शिक्षक स्वतः कार्डं वाटतात, तिथे. शोधणं हाच अभ्यास आहे, ते काढून घेतलं की उरतो नुसता पुठ्ठा. दुसरं, एखादं चुणचुणीत मूल सगळ्यांची कार्डं शोधून देऊ लागतं. त्याला दुसरं काम द्या: दुसरीच्या मुलांबरोबर तुमच्या, खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस ताईंच्या आणि मुख्याध्यापकांच्या नावांची कार्डं लावायची. तिसरं, चौथ्या दिवशी वहीत नाव गिरवायला बसवणं. हात तयार नसताना गिरवलेलं नाव चुकीच्या वळणाने बसतं, ते पुढे सुटायला महिने जातात.

हात तयार करायला वाळूचा ट्रे चांगला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घ्या, तळाला गडद कागद चिकटवा आणि वर जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाळू पसरा. जाड थर असला की खालचा रंग दिसत नाही आणि रेघ उठत नाही. समुद्र पाच मिनिटांवर असला तरी किनाऱ्याची वाळू तशीच आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोळे होतात. गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन चुलीच्या उबेला वाळवली तर चालते. नदीची चाळलेली वाळू असेल तर जास्त बरं. पहिला आठवडा फक्त उभ्या-आडव्या रेघा, पावसाच्या तिरक्या रेघा, लाटा, गोल. दुसऱ्या आठवड्यात नावातलं पहिलं अक्षर, बोटाने, तुमचं बघून. मूल कुठून सुरू करतं ते बघा, अक्षर सुबक आलं की नाही याला अजून महत्त्व नाही.

मोजायचं सामान गावातच मिळतं, पण निवडून घ्यावं लागतं. काड्यांसाठी जुन्या खराट्याचे हीर १० सेंटीमीटर लांबीचे कापा, टोकं बोथट करा आणि कापडाने पुसा. एका मुलाला वीस काड्या पुरे, वर्गासाठी शंभर वेगळ्या ठेवा. तिसऱ्यांचे (इथे कालवणाला वापरतात त्या जिवांचे) शिंपले उत्तम, पण नीट उकळून, आतला चिकट भाग खरवडून घ्यायला हवेत, नाहीतर डबा उघडला की वर्गात वास सुटतो. अडीच-तीन सेंटीमीटरपेक्षा लहान शिंपला नको आणि तुटक्या कडेचाही नको. चिंचोके सगळे सुचवतात. पावसाळ्यात त्यांना भुंगा लागतो, आणि तेवढी लहान वस्तू मुलं नाकात-कानात घालतात, म्हणून पहिलीत टाळा. फणसाच्या आठळ्यांना मोड येतात. काजूची कच्ची बी मुळीच नको: टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. गुंजा तर वर्गात येऊच देऊ नका. लाल-काळ्या, गोजिऱ्या दिसतात म्हणून मुलं कुंपणावरून खिसा भरून आणतात, पण बी चावली गेली तर जीवावर बेतू शकतं. तेच एरंडाच्या बियांचं. पहिल्याच पालकसभेत या दोन बियांचं नाव घेऊन सांगा.

पहिल्या आठवड्यात पाचपर्यंतच. मूल शंभरपर्यंत धडाधड म्हणून दाखवतं, घरचे खूश असतात, आणि ‘मला सात शिंपले दे’ म्हटलं की ओंजळ भरून पुढे करतं. म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसरं तपासा. मोजताना मूल एकच शिंपला दोनदा मोजत असेल किंवा एखादा सोडत असेल तर चूक आकड्यांची नसून हाताची आहे. मोजलेला शिंपला पलीकडच्या करवंटीत टाकायला लावा, दोन दिवसांत सुधारणा दिसते. आकडे लिहिणं नंतर. दहाच्या जुड्या तर दिवाळीच्या आगेमागे आल्या तरी काही बिघडत नाही. दुसरीची मुलं मात्र शंभर काड्यांच्या जुड्या आताच बांधू शकतात, आणि पहिलीची मुलं बघून बरंच उचलतात.

पावसाच्या पट्ट्या हा उपक्रम कोकणात जितका फळतो तितका दुसरीकडे फळणार नाही. सरळ भिंतीची प्लास्टिकची मोठी बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बुडाशी खळगे असतात, तिथे खडे भरा आणि खडे बुडेपर्यंत पाणी घालून त्या पातळीला शून्याची खूण करा. बाटली उघड्यावर, दोन चिऱ्यांच्या (जांभ्या दगडांच्या) मध्ये घट्ट उभी करा. पागोळ्यांखाली किंवा माडाखाली ठेवली तर पावसाचा नव्हे, छपराचा आणि झापांचा हिशेब निघतो. रोज शाळा भरल्यावर ठरलेल्या वेळी दोघांनी बाटली पडवीत आणायची, पुसायची, बाहेरून कागदाची पट्टी लावायची, शून्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत खूण करून कापायची, आणि पाणी पुन्हा शून्यापर्यंत ओतून टाकायचं. ती पट्टी भिंतीवरच्या तक्त्यावर तारखेच्या घरात उभी लावायची. डिंक किंवा खळ वापरू नका, वाळत नाही; चिकटपट्टी किंवा स्टेपलर.

दोन आठवड्यांत भिंतीवर स्तंभालेख उभा राहतो, आणि तो मुलांच्या हातचा असतो. पहिलीची मुलं ‘काल जास्त की आज’, ‘सगळ्यात उंच कुठली’ एवढं बोलतील. दुसरीची मुलं पट्टीने मोजतील; दहाच्या आतले सेंटीमीटर त्यांना झेपतात. तक्त्यावर साडेसहा सेंटीमीटरला एक आडवी लाल रेघ मारा. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे सरकारी लेखी अतिवृष्टी, त्यामुळे रेघ ओलांडली की त्या दिवशी पऱ्याला (ओढ्याला) पूर होता का, साकवावरून (छोट्या पुलावरून) कोण येऊ शकलं नाही, यावर मुलं आपणहून बोलतात. सोमवारची पट्टी दोन दिवसांची असते, ती वेगळ्या रंगाच्या कागदाची घ्या, नाहीतर सोमवारी नेहमीच जास्त पाऊस पडतो असा मुलांचा समज होतो. बाटली भरून वाहिली असेल तर पूर्ण उंचीची पट्टी लावून वर बाण काढा. अंदाजाने आकडा लिहू नका, मुलंही मग अंदाजाने लिहू लागतात.

गप्पांची पिशवी: कापडी पिशवीत रोज एक ओळखीची वस्तू. करवंटी, जाळ्याचं बूच, सुपारी, इरल्याचा (पावसात डोक्यावर घ्यायच्या पानांच्या आच्छादनाचा) तुकडा, आमसूल, शिंपला. मूल आत हात घालून न बघता सांगतं: गार आहे, खरखरीत आहे, टोकदार आहे. मग बाहेर काढून ती वस्तू घरी कोण वापरतं, कशाला वापरतं. पंधरा मिनिटं पुरे. घाटावरून आलेल्या शिक्षकाने इथे कान उघडे ठेवावेत. सिंधुदुर्गातलं मूल ‘माका व्हया’ (मला हवं), ‘खंय’ (कुठे), ‘कित्या’ (कशाला) म्हणेल, रत्नागिरीकडे वळण वेगळं, रायगडात आगरी किंवा कातकरी बोली कानावर येईल. मुलाला थांबवून वाक्य सुधारायचं नाही. ‘आवस बाजारात गेली’ असं ते म्हणालं की तुम्ही ‘हो का, आई बाजारात गेली? काय आणणार?’ असं पुढे न्यायचं. त्याला दोन्ही ऐकू येतं आणि तोंड मिटत नाही. स्वतःसाठी एक वही घाला, मुलाचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी-शेजारी. न कळलेले अर्थ मदतनीस ताईंना विचारा, त्यांच्याइतकी मदत दुसरं कोणी करणार नाही. वर्षाच्या सुरुवातीला गप्प राहणारी बरीच मुलं बुजरी नसतात; त्यांना तुमचा प्रश्नच कळलेला नसतो.

पत्र्यावर पावसाचा मारा सुरू झाला की ओरडून शिकवू नका, घसा जातो आणि मुलं आणखी मोठ्याने बोलतात. पहिल्या दोन दिवसांत तीन हाताच्या खुणा पक्क्या करा: हात वर म्हणजे माझ्याकडे बघा, तळवे जोडून पुस्तकासारखे उघडले म्हणजे सामान घ्या, मूठ म्हणजे सामान आवरा. मोठी सर आली की वाळूचा ट्रे, कार्डांच्या जोड्या, चित्रं काढणं. सर ओसरली की गोष्ट आणि गाणं. म्हणून वेळापत्रक मिनिटांत बांधू नका. क्रम तेवढा ठेवा: कार्डं, पावसाची पट्टी, पिशवी, मोजणं, खिचडी, मग ट्रे आणि गोष्ट. मोजण्याच्या वेळी दुसरीला वाचन द्या, गोष्टीला दोन्ही वर्ग एकत्र बसवा.

लेखी चाचणी या पंधरवड्यात पहिलीला नको. रोज दोन मुलांकडे बारकाईने बघा आणि प्रत्येकाच्या पानावर पाचच नोंदी करा: कार्ड चित्राशिवाय ओळखलं का, दोन पायऱ्यांची सूचना पाळली का (‘डबा ठेव आणि खिडकी लाव’), चित्र बघून दोन-तीन वाक्यं बोललं का, मागितले तेवढे शिंपले दिले का, खडू कसा धरतं.

अक्षरं तिसऱ्या आठवड्यात. बालभारतीचं पुस्तक आहेच, त्याचा क्रम समोर ठेवा, पण एका वेळी अशी चार-पाच चिन्हं घ्या की त्यांतून लगेच ओळखीचे शब्द तयार होतील. न, म, क, ळ आणि काना एवढ्यात नाक, कान, मान, माळ, नळ, काम, काका, मामा येतात. र आला की नारळ. बाराखडी सलग घोकायला लावू नका. पालक विचारतीलच: ‘पंधरा दिवस झाले, वही कोरी कशी?’ अनेक घरांत वडील मुंबईला चाकरीला, घरी आई आणि आजी; तेव्हा सभेत भाषण न करता मुलालाच कार्ड शोधायला, सात शिंपले मोजायला लावा, आणि नावाचं दुसरं कार्ड घरी भिंतीवर लावायला द्या. वरिष्ठांनी विचारलं तर निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात पहिलीसाठी ‘विद्या प्रवेश’ हा १२ आठवड्यांचा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रम आहेच, त्याच्या आधारे तुमची नोंदवही दाखवा. गणपतीच्या सुट्टीपर्यंत साधारण दोन ते तीन महिने सलग मिळतात, घाईचं कारण नाही. भातलावणीत हजेरी थोडी घसरते, ते धरून चला.

कोरी कार्डं टाकू नका. दिवाळीनंतर आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची किंवा खाणी-बांधकामावर आलेल्यांची मुलं मधेच दाखल होतात. त्यांनाही पहिल्याच दिवशी चित्रासकट कार्ड मिळालं पाहिजे, आणि तीन दिवस, नऊ दिवस हाच क्रम त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून चालवायचा.

पंधरा दिवसांनंतरही एखादं मूल आपलं कार्ड ओळखत नसेल तर त्याला मागे पडलं म्हणू नका. आधी कार्ड जवळून आणि लांबून दाखवून बघा, डोळे बारीक करतंय का. मग पाठीमागून हळू आवाजात हाक मारा, दोन्ही कानांच्या बाजूने. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची आरोग्य तपासणी करणारं पथक शाळेत येण्याची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा आणि तोवर त्या मुलाला फळ्याजवळ, खिडकीच्या उजेडात बसवा. डोळे-कान ठीक असतील तर दोनच कार्डं समोर ठेवून रोज दोन मिनिटं बसा: त्याचं स्वतःचं आणि अगदी वेगळं दिसणारं एक. ओळख बसली की तीन, मग पाच.